आरती म्हणताना पाय का जात होते

गोव्यातल्या चोडण बेटावरून रायबंदरला जाणाऱ्या फेरीबोटीत चढताना धक्क्याचा उतार ओहोटीच्या वेळी निसरडा असतो, आणि त्या उतारावरून मी आयुष्यभर खाली न पाहता चढत-उतरत आलो होतो. 2022 च्या मे महिन्यात तिथे माझ्या डाव्या पायातील चप्पल निसटली आणि मी तसाच चार पावले पुढे गेलो. मागून येणाऱ्या एका मुलाने ती उचलून हातात दिली, तेव्हा कुठे ती पायात नसल्याचे मला कळले. चप्पल निसटणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. ती निसटल्याचे तळपायाला न कळणे ही मोठी गोष्ट होती. पण त्या दिवशी मी मुलाला शाबासकी दिली आणि बोटीत चढलो.

मी तेव्हा 61 वर्षांचा होतो आणि सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झाले होते. पायांना मुंग्या येणे, पोटऱ्या जड होणे, थोडे जास्त चालल्यावर गुडघे मोडतील असे वाटणे, या साऱ्याला वय आणि फळ्यासमोर उभे राहण्यात गेलेली वर्षे ही दोन कारणे घरात सर्वांनाच पुरेशी वाटली. अस्थिरोगतज्ज्ञांनी कमरेचा एमआरआय करायला सांगितला. त्यात कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील चकती किंचित बाहेर आलेली दिसली, आणि माझ्या वयाच्या कितीतरी माणसांच्या कमरेत सापडणारी ती गोष्ट माझ्या सगळ्या दुखण्याची धनीण ठरली. कमरेचा पट्टा, शेक, व्यायाम आणि नसांच्या गोळ्या यांत पावसाळ्याचा पूर्वार्ध गेला. त्याच सुमारास लघवी सुरू व्हायला वेळ लागू लागला. ती तक्रार मी वेगळ्या डॉक्टरांकडे नेली, कारण लघवीचा आणि पायांचा काही संबंध असू शकेल हे माझ्या डोक्यातच आले नाही; तिथे वय पाहून प्रोस्टेटची गोळी मिळाली. एकाच माणसाच्या दोन तक्रारी दोन फायलींत गेल्या आणि त्या फायलींची पुढे कित्येक महिने गाठ पडली नाही.

ऑगस्टच्या अखेरीस चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. आमच्या वाड्यावर घुमट, शामेळ आणि कासाळे ही वाद्ये घेऊन घरोघर आरत्या म्हणण्याची रीत आहे आणि वरच्या सुरातली ओळ उचलण्याचे काम गेली अनेक वर्षे माझ्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिसऱ्या की चौथ्या घरी मी एक लांब ओळ एका श्वासात ओढत होतो, आणि ती संपता संपता माझे दोन्ही पाय कापसाचे झाले. गणपतीसमोर फळाफुलांनी सजवून टांगलेल्या माटोळीखाली उभा असलेला मी सरळ घुमट वाजवणाऱ्याच्या खांद्यावर आलो. "मास्तर, कितें जालें?" म्हणून सगळे धावले, पाणी आले, गूळ आला. दहा-पंधरा मिनिटे बसून राहिल्यावर पाय परत आले, आले म्हणजे जसे आधी होते तेवढे आले. उपाशीपोटी गायल्यामुळे झाले असेल असे ठरले. पण पुढच्या दिवशी पोटभर जेवून गायलो तरीही तेच झाले, आणि त्याच्या पुढच्या दिवशी केवळ उभा राहून टाळ्या वाजवल्या, गायलो नाही, तर काहीच झाले नाही.

हे मी बायकोशिवाय कोणालाही सांगितले नाही. गाताना माणसाचे पाय जातात असे कोणत्या तोंडाने सांगायचे? डॉक्टर हसतील, किंवा हसणार नाहीत आणि मनाच्या डॉक्टरकडे पाठवतील, या दोन्ही गोष्टींची मला सारखीच भीती वाटली. पुढच्या चार महिन्यांत तीन डॉक्टरांनी मला "आणखी काही?" असे विचारले आणि तिन्ही वेळा मी "नाही" म्हणालो.

डिसेंबरात मी न्हाणीत पडलो आणि एका खासगी रुग्णालयात दाखल झालो. या वेळी पाठीचा, म्हणजे छातीच्या मागच्या मणक्यांचा एमआरआय झाला आणि मज्जारज्जूला लांबवर सूज असल्याचे दिसले. निदान लिहिले गेले ट्रान्सव्हर्स मायलायटिस, म्हणजे मज्जारज्जूचा दाह, आणि त्यावरचे नेहमीचे औषध म्हणून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज 1 ग्रॅम याप्रमाणे पाच दिवस शिरेतून द्यायचे ठरले. पहिल्या दिवशी मी आधाराने न्हाणीपर्यंत चालत गेलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मला पायाचा अंगठाही हलवता येईना आणि लघवी पूर्ण अडल्यामुळे नळी घालावी लागली. पहिल्या निदानाबद्दल माझी तक्रार नाही, कारण सुजलेला मज्जारज्जू पाहून आधी दाहाचा विचार करणे रास्तच आहे. तक्रार आहे ती पुढच्या दोन दिवसांबद्दल. औषध सुरू झाल्यावर रोगी खाली जातो आहे हे सगळ्यांना दिसत होते, तरी "रोगच जोरात आहे" असे म्हणून उरलेले दोन डोस देण्यात आले. ज्या रोगाने मला गाठले होते त्यात स्टेरॉइड दिल्यावर रोगी अचानक बिघडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत पुष्कळ नोंदलेली आहेत, आणि जाणकार डॉक्टर त्या बिघडण्याकडेच निदानाची खूण म्हणून पाहतात, हे मला नंतर समजले. औषध थांबल्यावर आठ-दहा दिवसांत पायांत थोडा जोर परत आला आणि वॉकर धरून मी घरी आलो.

जानेवारीत भाच्याने मला पणजीतील एका तरुण न्यूरोलॉजिस्टकडे नेले. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि मे महिन्यातल्या चपलेपासून सगळे ऐकून घेतले. चालल्याने वाढते का, बसल्याने कमी होते का, खोकताना किंवा कुंथताना काही होते का, असे ते विचारत गेले. शेवटच्या प्रश्नावर मी घुटमळलो, तेव्हा मागच्या खुर्चीवरून बायको म्हणाली, "अहो, ते आरतीचं सांगा ना!" मी सांगितले. डॉक्टर हसले नाहीत. ते उठले, त्यांनी मला पलंगावर निजवून दोन्ही मांड्यांचा आणि घोट्यांचा जोर तपासला, आकडे कागदावर लिहिले, मग वॉकरला धरून उभे केले आणि म्हणाले, "मास्तर, आता म्हणा. चवथीला म्हणता तशीच, आवाज न दाबता."

दवाखान्यात, दार लोटलेले, बाहेर पंधरा-वीस रोगी बसलेले, आणि मी वॉकर धरून आरती म्हणतो आहे. दोन कडवी झाली नसतील, गुडघे वाकायला लागले. त्यांनी लगेच मला परत निजवून तोच जोर पुन्हा मोजला. आधी पाचपैकी चार असलेल्या मांडीला आता तीन गुण होते. माझ्या साऱ्या आजारपणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्णायक तपासणी हीच, असे माझे मत आहे.

मग त्यांनी सीडी लावल्या. डिसेंबरच्या चित्रात मज्जारज्जूचा मधला भाग पांढरा दिसत होता आणि तो पांढरेपणा थेट खालच्या टोकापर्यंत गेला होता. मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला मात्र बारीक काळे ठिपके ओळीने होते, पानावर मुंग्या चालाव्यात तसे. वेगाने वाहणारे रक्त एमआरआयच्या चित्रात काळे दिसते, म्हणजे तिथे फुगलेल्या, नागमोडी शिरा होत्या. नंतर त्यांनी जूनचा कमरेचा एमआरआय काढला आणि चकतीकडे न पाहता चित्राच्या अगदी वरच्या कडेवर बोट ठेवले. मज्जारज्जूचे खालचे टोक कमरेच्या चित्रात वरच्या कडेला येते. ते तेव्हाच पांढरे झालेले होते.

रोगाचे नाव त्यांनी स्पायनल ड्यूरल आर्टेरिओव्हीनस फिस्चुला असे लिहून दिले. मज्जारज्जूभोवती ड्यूरा नावाचे जाड आवरण असते. त्या आवरणात, मज्जातंतू जिथून बाहेर पडतो त्या ठिकाणी, एखादी बारीक धमनी मधल्या केशवाहिन्यांना वगळून थेट शिरेला जोडली जाते. हे जन्मतः नसते, उतारवयात होते, आणि पुरुषांत ते स्त्रियांच्या चार-पाच पट आढळते. पाठीच्या कण्यातील रक्तवाहिन्यांच्या विकृतींमध्ये हीच सर्वाधिक आढळते, तरीही तिचे प्रमाण वर्षाला दहा लाख लोकांत पाच ते दहा एवढेच मानतात. त्या हिशेबाने साऱ्या गोव्यात वर्षाकाठी सात ते पंधरा माणसे होतील.

मला ते समजले ते खाजनाच्या, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या शेताच्या भाषेत, आणि ती भाषा डॉक्टरांची नव्हे, माझी. चोडणच्या माणसाला बांध आणि मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, शिकवावे लागत नाहीत. शेतातले पाणी ओहोटीला मानशीच्या दारातून नदीत जाते आणि भरतीला ते दार बंद होऊन नदीचे पाणी बाहेर राहते. आता बांधाला खेकड्याने एक भोक पाडले असे समजा. भोक करंगळीएवढे, पण मागे भरतीचा जोर. पाणी शेताच्या चराला भिडते, चर तुडुंब राहतो, आणि शेतातले पाणी बाहेर जायला वाट उरत नाही. भात पाण्यावाचून मरत नाही, तुंबलेल्या पाण्यात कुजते. माझ्या मज्जारज्जूचे तेच चालले होते. त्याच्या शिरांत धमनीचा दाब शिरला होता, आणि अशा रोग्यांच्या शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष मोजला असता तो धमन्यांतील सरासरी दाबाच्या सुमारे तीन-चतुर्थांश भरलेला आहे. वरचा सूर ओढताना छाती आणि पोट घट्ट होतात आणि तो दाबही पाठीच्या शिरांवर पडतो. आधीच तुंबलेल्या चरात ही आणखी भर. म्हणून आरतीला पाय जात, आणि टाळ्यांना जात नसत. मज्जारज्जूचे खालचे टोक सर्वांत आधी तुंबते, म्हणून भोक छातीच्या मागे असूनही तक्रार पायांची आणि लघवीची. माझ्या दोन फायलींची गाठ तिथे पडली.

या रोगाचा इतिहासही याच गैरसमजुतीचा आहे. 1926 साली फ्वा आणि आलाजुआनीन या फ्रेंच डॉक्टरांनी अशा रोग्यांचे वर्णन केले, तेव्हा तो मज्जारज्जू सडण्याचा आजार मानला गेला. पुढे शिरा दिसू लागल्या, तर त्या शिरांनाच गुन्हेगार समजून मज्जारज्जूवरून त्या सोलून काढण्याच्या शस्त्रक्रिया होत राहिल्या, म्हणजे भोक राहिले बाजूला आणि चर बुजवला गेला. खरे भोक ड्यूरामध्ये असते हे केंडल आणि लोग यांनी 1977 साली दाखवले.

भोक आहे हे कळले तरी ते नेमके कुठे आहे ते एमआरआय सांगत नाही, कारण फुगलेल्या शिरा मज्जारज्जूभर पसरलेल्या असतात आणि भोक त्यांतल्या कोणत्याही मणक्यापाशी असू शकते. त्यासाठी डीएसए, म्हणजे रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी घेतलेली चित्रे. ही तपासणी रोज करणाऱ्या माणसाकडेच जा, असा डॉक्टरांचा आग्रह पडला, म्हणून थिवीहून रेल्वेने मुंबईला गेलो. बसून पाय बरे राहतात आणि आवाज ओढला की जातात हे ठाऊक असल्याने सारा प्रवास मी तोंड मिटून केला. शेजारच्या प्रवाशाला मी तुसडा वाटलो असेन.

रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून मेंदूची चित्रे घेण्याची युक्ती लिस्बनच्या एगास मोनीझ यांनी 1927 साली काढली. माझे वडील त्याच वर्षी जन्मले, आणि लिस्बनचेच राज्य तेव्हा आमच्यावर होते. तपासणीच्या खोलीतल्या थंड पलंगावर मला हे आठवले आणि उगाच बरे वाटले.

उजव्या जांघेत भूल देऊन नळी महाधमनीपर्यंत नेली. प्रत्येक मणक्याच्या दोन्ही बाजूंना महाधमनीतून एकेक फांदी निघते आणि त्या प्रत्येक फांदीत नळीचे टोक अडकवून थोडे थोडे रंगद्रव्य सोडावे लागते. बरगड्यांखालच्या, कमरेच्या, दोन्ही बाजूंच्या मिळून पंचवीसच्या आसपास फांद्या झाल्या. अनेक ठिकाणी हे पूर्ण भूल देऊन करतात. मी जागा होतो. "श्वास घ्या, सोडा, रोखा, हलू नका", आणि त्याबरोबर पाठीतून बरगडीच्या कडेने पुढे येणारा गरम पट्टा, जणू कोणी ऊन पाण्यात भिजवलेली दोरी गुंडाळत आहे. पहिल्या दहा-बारा वेळांत काहीच नाही. रंगद्रव्याचा मूत्रपिंडांवर भार पडतो, म्हणून ते मोजून वापरावे लागते, आणि तंत्रज्ञ दर थोड्या वेळाने आतापर्यंतचा आकडा मोठ्याने सांगत होता. तो आकडा ऐकताना मला पायांपेक्षा मूत्रपिंडांची काळजी वाटू लागली होती.

डावीकडे पाठीच्या सातव्या मणक्यापाशी रंगद्रव्य सोडले आणि खोलीतले बोलणे थांबले. मग काचेमागून एक जण म्हणाला, "हे बघा." मला पडदा तिरका दिसत होता. एका केसाएवढ्या फांदीतून रंग आत गेला आणि क्षणात एक वेडीवाकडी रेघ वर आणि खाली उमटत गेली. डॉक्टर तिथे थांबले नाहीत. मज्जारज्जूच्या खालच्या भागाला रक्त पुरवणारी एक मोठी धमनी असते, तिला अ‍ॅडमकिव्हिझची धमनी म्हणतात, आणि बहुतेकांत ती डावीकडूनच निघते. ती भोकाच्याच फांदीतून निघत असेल तर ती फांदी बंद करणे म्हणजे रोग्याला कायमचे बसवणे. माझी धमनी डावीकडे दहाव्या मणक्यापाशी सापडली, तीन मणके खाली. तिच्यात सोडलेला रंग मज्जारज्जूत गेला, पण शिरांतून परत येताना दिसायलाच तयार नव्हता. तुंबलेले शेत मी तेव्हा डोळ्यांनी पाहिले. नंतर सहा तास पाय सरळ ठेवून पडायचे होते, त्यात मला काहीच जड गेले नाही.

भोक बुजवण्याच्या दोन वाटा आहेत. नळीतूनच द्रवरूप चिकट पदार्थ सोडायचा, किंवा पाठ उघडून शीर बंद करायची. पहिलीत पाठ कापावी लागत नाही, पण तो पदार्थ भोक ओलांडून शिरेच्या सुरुवातीपर्यंत पोचला तरच उपयोग. भोकाच्या अलीकडे धमनीतच थबकला, तर आजूबाजूच्या फांद्या काही महिन्यांत तीच वाट पुन्हा उघडतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात शस्त्रक्रियेने भोक बंद होण्याचे प्रमाण 98 टक्के आणि नळीने 46 टक्के आढळले होते. त्यानंतर नळ्या आणि पदार्थ पुष्कळ सुधारले आहेत, हे ते आकडे सांगणाऱ्या डॉक्टरांनीच जोडले. माझी फांदी फार बारीक आणि वळणावळणाची होती, म्हणून शस्त्रक्रिया ठरली. मला निवड करावी लागली नाही याचे मी आभारच मानले.

फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. सातव्या मणक्याच्या मागच्या हाडाचा डावा भाग काढून, ड्यूरा उघडून, आत शिरणारी ती एकच शीर सूक्ष्मदर्शकाखाली जाळून कापली. सर्जनने नंतर सांगितले की मज्जारज्जूवरच्या शिरा आधी धमनीसारख्या लालभडक होत्या आणि शीर बंद करताच त्यांचा रंग डोळ्यांदेखत काळपट निळा होत गेला. रक्तात सोडलेल्या हिरव्या रंगद्रव्याच्या उजेडात खात्री करून मगच त्यांनी आवरण शिवले. फुगलेल्या शिरांना कोणी हात लावला नाही. भोक बुजले की चर आपोआप उतरतो.

पायांच्या बाबतीत जे झाले ते हळू झाले. या रोगात चालणे 0 ते 5 आणि लघवी 0 ते 3 अशी अमिनॉफ आणि लोग यांची मोजणी वापरतात. शस्त्रक्रियेआधी माझे चालणे चौथ्या पायरीवर होते, म्हणजे दोन हातांना आधार. तीन महिन्यांनी एका काठीवर, म्हणजे तिसऱ्या पायरीवर आलो. त्या वेळच्या एमआरआयमध्ये पांढरेपणा निम्म्याहून कमी झाला होता आणि ठिपके गेले होते. लघवी मात्र पायांच्या मागे राहते असे मला आधीच सांगितले होते आणि तसेच झाले. नळी निघाली, पण मी अजून घड्याळ पाहून जातो, जाणीव झाली म्हणून नव्हे. चपळ फिजिओथेरपिस्ट मुलीने घरातल्या घरात माझ्याकडून जे करून घेतले, तेवढे मी पस्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याकडून करून घेऊ शकलो नव्हतो.

मे महिन्यात पणजीच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी पुन्हा जोर मोजला, मला उभे केले आणि काही न बोलता नुसती मान हलवली. मी ओळखले. या वेळी तीन आरत्या झाल्या. गुडघे थकले, पण वाकले नाहीत. बाहेर बसलेल्यांतील एका आजीने मी निघताना विचारले, "आत देव बसवला आहे की काय?"

2023 ची चवथ सप्टेंबरात आली. चार घरी उभा राहून गायलो, पाचव्या घरी त्यांनी खुर्ची दिली ती घेतली. डाव्या तळपायाला चप्पल आहे की नाही हे अजूनही कळत नाही, म्हणून फेरीच्या उतारावर मी आता मागे पट्टा असलेली सँडल घालतो आणि खाली पाहून चालतो.